आत्मसंयम : मुळशीची कसोटी व मापनाचा इतिहास

आत्मसंयम म्हणजे तात्कालिक इच्छा, भावना व आवेग यांना आवर घालून दूरच्या अथवा अधिक मोलाच्या उद्दिष्टानुसार वर्तन करण्याची मनुष्याची क्षमता. नीतिशास्त्र, धर्म व शिक्षण या क्षेत्रांत हिचा विचार फार प्राचीन काळापासून झाला असला, तरी तिचे मापन करण्याचे पद्धतशीर प्रयत्न विसाव्या शतकातील आहेत. व्यक्तिमत्त्वाची जडणघडण आणि व्यसन, गुन्हा, अविचारी साहस यांसारखे जोखमीचे वर्तन यांच्याशी आत्मसंयमाचा संबंध कितपत आहे, हा त्या प्रयत्नांमागील मुख्य प्रश्न होय. प्रयोगशाळेत हा प्रश्न रुजण्यापूर्वी भारतात त्याची एक सार्वजनिक कसोटी सत्याग्रहाच्या रूपाने घेतली गेली. पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे १९२१ ते १९२४ या काळात झालेला धरणविरोधी लढा हे तिचे महाराष्ट्रातील लक्षणीय उदाहरण आहे. संयम हा केवळ एकट्या व्यक्तीचा गुण मानून मोजता येतो काय, या आजही पूर्णपणे न सुटलेल्या प्रश्नावर या लढ्याचा इतिहास प्रकाश टाकतो.

पूर्वपीठिका : भारतीय विचारात संयमाला साधनेचे स्थान आहे. भगवद्‌गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या वर्णनात, कासव आपले अवयव आत ओढून घेते त्याप्रमाणे इंद्रिये विषयांपासून आवरून घेणाऱ्या पुरुषाचा दृष्टांत आला आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत यम व नियम ही योगाची पहिली दोन अंगे सांगितली आहेत, तर वेदान्ताने शम व दम यांचा अंतर्भाव साधकाच्या आवश्यक संपत्तीत केला आहे. महाराष्ट्रात संतवाङ्‌मयाने हा विचार घरोघर पोहोचविला. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत तर मनालाच उद्देशून उपदेश केलेला आहे. या सर्व परंपरेत संयम ही अभ्यासाने मिळवावयाची गोष्ट आहे. कोणाजवळ ती किती आहे, हे मोजण्याची गरज तिला वाटली नाही.

महात्मा गांधींनी या वैयक्तिक साधनेला सामुदायिक राजकीय शिस्तीचे रूप दिले. सत्याग्रहीने प्रतिज्ञा घ्यावी, मार खावा पण उलट हात उगारू नये, अटक टाळू नये, अशी अपेक्षा त्यांनी ठेवली. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी संयुक्त प्रांतातील चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवून पोलिसांना ठार केले, तेव्हा गांधींनी देशभरचे असहकारितेचे आंदोलन स्थगित केले. जनतेच्या अंगी संयम पुरेसा बाणलेला नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. [⟶ सत्याग्रह].

मुळशीचा सत्याग्रह : पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत असलेले मुळशी खोरे आंबेमोहोर भातासाठी प्रसिद्ध होते. त्या काळी हा भाग मुळशी पेटा म्हणून ओळखला जाई. आजच्या मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड हे आहे. मुंबईतील गिरण्यांना व वाढत्या शहराला वीज पुरविण्यासाठी टाटा उद्योगसमूहाने सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी साठवून ते कोकणात उतरविण्याच्या योजना आखल्या होत्या. त्यांतील खोपोली येथील पहिले केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी सध्याच्या रायगड जिल्ह्यातील भिरा येथे नेण्याचे ठरविले. या धरणामुळे पन्नासहून अधिक गावे व वाड्या आणि सु. ११ हजार लोक बाधित होणार होते.

जमिनीवर पूर्वपरवानगीवाचून चाचणीचे चर खणले जाऊ लागले, तेव्हा मावळ्यांत असंतोष पसरला. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून संघटन केले. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, ल. ब. भोपटकर, शंकरराव देव इ. पुण्यातील व महाराष्ट्रातील कार्यकर्ते या प्रश्नाशी निरनिराळ्या टप्प्यांवर निगडित झाले. जान किंवा जमीन, ही लढ्याची घोषणा होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सु. १,२०० मावळे धरणाच्या जागी गेले व कामाच्या ठिकाणी शांतपणे बसून राहिले. त्यांत स्त्रियाही होत्या. काम बंद पडले. शेतीवर पोट असलेल्या, राजकीय चळवळीचा फारसा अनुभव नसलेल्या या लोकांनी चिथावणीला प्रत्युत्तर न देता ही शिस्त पाळली. त्याच महिन्यात गांधींनी यंग इंडिया या आपल्या नियतकालिकातून सत्याग्रहींना सहानुभूती व्यक्त केली व टाटांनी कायदेशीर हक्कावर बोट न ठेवता लोकांशी विचारविनिमय करावा, असे आवाहन केले.

या पहिल्या पर्वाची अखेर काम तात्पुरते थांबण्यात झाली व सत्याग्रहही स्थगित करण्यात आला. मधल्या काळात सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार कंपनीला मिळवून दिला. १९२१ संपता संपता काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहाचे दुसरे पर्व उघडले. आता अटका व तुरुंगवास यांना तोंड द्यावे लागले. याहून गंभीर अडचण आतून उद्‌भवली. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या व जमीनमालकांच्या नावावर होती आणि ती कसणारे मावळे कुळे म्हणून राबत होते. नुकसानभरपाईची रक्कम दिसू लागताच मालकवर्गातील अनेकांचा कल ती स्वीकारण्याकडे झाला. भरपाई मालकीला होती, कसण्याला नव्हती. त्यामुळे लढा चालू ठेवण्याचा भार मुख्यतः ज्यांना भरपाईतून मिळण्यासारखे थोडे होते त्यांच्यावर पडला.

हा तपशील संयमाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हाती येणारी रक्कम आज घ्यावी की जमिनीसाठी तुरुंग पतकरून वाट पाहावी, असा हा निर्णय होता. आज मिळणारा छोटा लाभ नाकारून उद्याच्या मोठ्या लाभाची वाट पाहणे, हीच पुढे मानसशास्त्राने संयमाची प्रमुख खूण ठरविली. परंतु मुळशीत रोख रक्कम घेणारा सावकार हा उतावळा नव्हता. त्याने हिशेब केला होता. आणि वाट पाहणारे कूळ ज्याची वाट पाहत होते, ते मिळण्याची शक्यता धरणाच्या प्रत्येक थराबरोबर कमी होत होती. बाहेरून सारखी दिसणारी निवड माणसाच्या परिस्थितीनुसार वेगळा अर्थ धारण करते, हे येथे स्पष्ट दिसते.

सेनापती बापट : या लढ्याने पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळवून दिली. पारनेर (जि. अहिल्यानगर) येथे जन्मलेले बापट पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले व शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये एडिंबरो येथे गेले. तेथे राजकीय भाषणांमुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाउसमधील क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला व पॅरिसमध्ये त्यांनी बाँब तयार करण्याची माहिती मिळविली. भारतात परतल्यावर काही काळ त्यांना भूमिगत राहावे लागले. पुढे पारनेरास राहून त्यांनी गावाचे रस्ते स्वतः झाडण्याचे व्रत घेतले. अरविंद घोष यांच्या तत्त्वज्ञानाचा त्यांच्यावर प्रभाव होता व त्यांच्या प्रमुख ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवाद केला.

मुळशीत बापटांनी वारंवार तुरुंगवास सोसला. निःशस्त्र प्रतिकार निष्फळ ठरत असल्याचे पाहून त्यांनी १९२४ च्या डिसेंबरात काही सहकाऱ्यांसह धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली. हे कृत्य अहिंसेच्या चौकटीत बसणारे नव्हते. मात्र ते करून ते पळाले नाहीत. स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली व १९३१ मध्ये त्यांची सुटका झाली. गांधींनी लढ्याच्या अखेरच्या काळात, बहुसंख्य बाधितांनी भरपाई घेतली आहे, धरणाचे काम बरेच पुढे गेले आहे आणि लढ्याचा नेता आरंभापासून अखेरपर्यंत अहिंसेवर पूर्ण श्रद्धा असलेला नाही, अशी कारणे दाखवून चळवळ सोडून द्यावी असे मत दिले. धरण पूर्ण झाले व १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले.

बापटांचे व्यक्तिमत्त्व संयमाच्या कोणत्याही सरळ व्याख्येला अडचणीचे ठरते. दैनंदिन जीवनातील कठोर शिस्त, देहकष्ट व दीर्घ कारावास यांवरून पाहिले असता ते अत्यंत संयमी पुरुष होते. स्वतःच्या जिवाची व स्वातंत्र्याची त्यांनी पतकरलेली जोखीम पाहता ते तितकेच धाडसी होते. संयम कमी म्हणून जोखीम अधिक, हे समीकरण त्यांना लागू पडत नाही. गांधींच्या कसोटीनुसार ते अपुरे पडले. परंतु ती कसोटी अहिंसेवरील निष्ठेची होती, आवेगावरील नियंत्रणाची नव्हती. या दोन गोष्टी एकच मानल्या, तर विचारपूर्वक केलेली कृती व आवेगाच्या भरात घडलेली कृती यांतील भेद नाहीसा होतो.

मापनाचा आरंभ : मुळशीचा लढा चालू होता त्याच दशकात अमेरिकेत चारित्र्याचे मापन करण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला. ह्यू हार्टशॉर्न व मार्क मे यांनी हजारो शालेय मुलांना फसवणूक, सेवाभाव, चिकाटी व आत्मसंयम यांच्या प्रत्यक्ष कृतीवर आधारलेल्या चाचण्या दिल्या. त्यांचे निष्कर्ष १९२८ ते १९३० या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांतील १९२९ चा दुसरा खंड सेवाभाव व आत्मसंयम यांविषयी होता. एका प्रसंगी संयमाने वागणारे मूल दुसऱ्या प्रसंगी तसे वागेलच असे नाही, निरनिराळ्या चाचण्यांतील परस्परसंबंध अल्प असतो, असे त्यांना आढळले. त्याआधी १९१५ मध्ये इंग्लंडात एडवर्ड वेब यांनी बुद्धीहून वेगळा असा, हेतूंच्या सातत्याचा एक व्यापक घटक सुचविला होता. संयम हा व्यक्तीचा स्थिर गुण आहे की प्रसंगाचे फलित आहे, हा वाद येथून सुरू झाला.

पुढील काळात स्वनिवेदनाच्या प्रश्नावल्या पुढे आल्या. अर्नेस्ट बॅरट यांनी १९५९ मध्ये आवेगशीलतेची मापनश्रेणी तयार केली. तिची १९९५ मधील ३० विधानांची आवृत्ती आजही वापरात आहे. मार्व्हिन झुकरमन यांनी १९६४ मध्ये उत्तेजनशोधाची श्रेणी मांडली. नव्या, तीव्र व जोखमीच्या अनुभवांची ओढ ती मोजते. संयमाची सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली जून टँगनी, रॉय बॉमायस्टर व अँजी बून यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे ३६ विधानांचे विस्तृत व १३ विधानांचे संक्षिप्त असे दोन प्रकार आहेत.

प्रतीक्षेचे प्रयोग : वॉल्टर मिशेल (१९३०–२०१८) यांनी १९५० नंतरच्या दशकात त्रिनिदाद बेटावर मुलांना, आता छोटा खाऊ की काही दिवसांनी मोठा, अशी निवड दिली. तेथील आफ्रिकी व भारतीय वंशांच्या लोकांत एकमेकांच्या उधळेपणाविषयी व काटकसरीविषयी दृढ समजुती होत्या. घरात वडील असणे वा नसणे या गोष्टीचा मुलांच्या निवडीशी संबंध असल्याचे मिशेल यांना आढळले. देणारा आपला शब्द पाळील, हा विश्वास अशा निवडीत महत्त्वाचा असतो, हे त्यांनी आरंभीच ओळखले होते. १९७० च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत त्यांनी केलेले प्रतीक्षेचे प्रयोग जगप्रसिद्ध झाले. समोरच्या खाऊवरून लक्ष दुसरीकडे वळविणारी मुले अधिक काळ थांबू शकतात, हा त्यांचा मूळ निष्कर्ष होता. लहानपणी अधिक थांबणाऱ्या मुलांची किशोरवयातील प्रगती चांगली दिसते, असे पुढील पाहणीत आढळल्याने या प्रयोगाला भविष्य वर्तविणाऱ्या चाचणीचे रूप आले.

या समजुतीला नंतर मर्यादा पडल्या. टायलर वॉट्स, ग्रेग डंकन व होआनान क्वान यांनी २०१८ मध्ये अधिक मोठ्या व विविध स्तरांतील मुलांच्या गटावर तपासणी केली, तेव्हा हा संबंध मूळच्या सुमारे निम्मा आढळला. कौटुंबिक परिस्थिती व बौद्धिक क्षमता लक्षात घेता तो आणखी बराच कमी झाला. मुळशीच्या दृष्टीने अधिक बोलका प्रयोग सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांचा (२०१३) आहे. त्यांनी २८ मुलांपैकी निम्म्यांना प्रथम दिलेला शब्द पाळणाऱ्या व निम्म्यांना तो मोडणाऱ्या व्यक्तीचा अनुभव दिला. नंतरच्या चाचणीत पहिला गट सरासरी सु. १२ मिनिटे थांबला, तर दुसरा सु. ३ मिनिटे. दुसऱ्या गटातील मुले उपजत उतावळी नव्हती. थांबण्यात अर्थ नाही, हे त्यांना अनुभवाने शिकविले होते.

व्यक्तिमत्त्व व जोखमीचे वर्तन : व्यक्तिमत्त्वाच्या पंचघटक उपपत्तीत आत्मसंयम हा मुख्यतः कर्तव्यदक्षता या घटकाशी निगडित मानला जातो. मायकेल गॉटफ्रेडसन व ट्रॅव्हिस हिर्शी यांनी १९९० मध्ये, बालपणीच्या संगोपनात न रुजलेला संयम हेच गुन्ह्याचे सर्वसामान्य कारण होय, असा सिद्धांत मांडला. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२–७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा दीर्घकालीन अभ्यास त्यास काही प्रमाणात पुष्टी देतो. टेरी मॉफिट व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविल्याप्रमाणे, बालपणी संयम कमी असलेल्यांत ३२ व्या वर्षी आरोग्य, अर्थस्थिती व गुन्हे यांविषयीच्या अडचणी अधिक आढळल्या. बुद्धी व सामाजिक स्तर यांचा प्रभाव वगळूनही हा संबंध टिकला.

तथापि आवेगशीलता ही एकसंध नाही, हे अलीकडील संशोधनाने स्पष्ट केले आहे. स्टीफन व्हाइटसाइड व डॉनल्ड लायनम यांनी २००१ मध्ये तिचे चार घटक वेगळे केले : भावनेच्या भरात कृती करणे, पूर्वविचाराचा अभाव, चिकाटीचा अभाव व उत्तेजनशोध. लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या अभ्यासानुसार उत्तेजनाची ओढ किशोरवयात वाढून नंतर ओसरते, तर आवेगनियंत्रण सावकाश व दीर्घकाळ वाढत राहते. म्हणजे जोखमीची ओढ व संयम ही एकाच काट्याची दोन टोके नसून दोन स्वतंत्र परिमाणे आहेत. बापटांसारखी व्यक्ती दोन्ही परिमाणांवर वर असू शकते.

मापनाच्या मर्यादा : अँजेला डकवर्थ व मार्गारेट कर्न यांनी २०११ मध्ये २८२ गटांवरील संशोधन एकत्र करून, प्रश्नावल्या परस्परांशी बऱ्यापैकी जुळतात, परंतु प्रत्यक्ष कृतीच्या चाचण्यांशी व त्या चाचण्या आपसांत कमी जुळतात, असे दाखविले. हार्टशॉर्न व मे यांचे निरीक्षण अशा रीतीने ऐंशी वर्षांनी पुन्हा पुढे आले. यावरून मापन निरुपयोगी ठरत नाही. मोठ्या समूहाविषयी ते उपयुक्त अंदाज देते; एकट्या व्यक्तीवर निर्णय देण्यास मात्र ते अपुरे आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुळशी तालुक्याचे रूप पालटले. हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले व जमिनीला मोठ्या किमती आल्या. शेतजमीन गेलेल्या कुटुंबातील तरुण गुन्हेगारीकडे वळल्याची कथा सांगणारा, प्रवीण तरडे दिग्दर्शित मुळशी पॅटर्न हा मराठी चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपट हा शास्त्रीय पुरावा नव्हे; परंतु त्याने मांडलेला प्रश्न मापनशास्त्राने टाळण्याजोगा नाही. अशा तरुणाला प्रश्नावलीत अल्प संयमाचे गुण मिळाले, तर ते त्याच्या स्वभावाचे माप असेल, की ज्या उद्यासाठी संयम ठेवावयाचा तो उद्याच त्याच्यापुढून नाहीसा झाल्याचे?

मूल्यमापन : मुळशीचा सत्याग्रह धरण थांबवू शकला नाही. राजेंद्र व्होरा यांनी त्याला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. विस्थापनाच्या इतिहासात त्याचे जे स्थान आहे ते त्यामुळेच. आत्मसंयमाच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळे आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात मावळ्यांनी दाखविलेला संयम अस्सल होता. तो पुढे विरळ झाला याचे कारण केवळ त्यांच्या मनोबलात शोधता येत नाही. मालकी, कायदा व भरपाई यांची जी रचना त्यांच्याभोवती उभी राहिली, तिच्यातही ते आहे. शतकभराच्या प्रयोगांनंतर मानसशास्त्रही याच दिशेने आले आहे. एखाद्याला अधिक वाट पाहण्यास सांगणाऱ्या समाजाने, शाळेने वा शासनाने आपला शब्द किती वेळा पाळला आहे, हेही संयमाच्या मापनात धरावे लागते.